हरणाचा डावा कान

त्या मोसमात कळपात चौदा पाडसं जन्मली आणि त्यांतली अकरा गेली. मावशीने अकरा वेळा वही उघडली आणि अकरा वेळा त्या त्या पाडसासमोर 'गेलं' असं लिहिलं. अकराव्या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं. टोक काढायला म्हणून ती उठली आणि न्हाणीघरात जाऊन रडून आली. मग पेन्सिलीला टोक केलं आणि तारीख घातली. तारीख राहून गेली असं तिच्या हातून पंचवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

मावशी म्हणजे हरणांच्या संगोपन केंद्राची वहीवाली. साहेबापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. खरं नाव पगारपत्रकात असेल, तिथंच राहो बिचारं. साठी उलटली तरी तिला कुणी घरी बसवलं नव्हतं, कारण ती वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती. अक्षर मोत्यासारखं होतं, पण खुणा तिच्या स्वतःच्या.

केंद्रात एकाच जातीचं जनावर होतं, डोंगरी हरीण. कमरेइतकं उंच, मातकट रंगाचं आणि स्वतःच्या सावलीला दचकणारं. एके काळी ही हरणं पलीकडच्या डोंगरांवर होती. मग डोंगर खडीत गेले. शेवटची सोळा कशीबशी पकडून आणली, त्यांतली सात इथं ठेवली आणि नऊ नदीपलीकडच्या केंद्रात. इथला आजचा कळप त्या सातांच्याच पोटचा.

सात जनावरांवर आख्खी जात उभी करायची म्हणजे पहिली अडचण नात्यांची. दुसऱ्याच पिढीत जो तो एकमेकांचा चुलत नाहीतर मावस. म्हणून कोण कुणाच्या पोटचं, कोणाला कोणाजवळ सोडायचं आणि कोणाला अजिबात सोडायचं नाही, हे सगळं वहीत. "मी इथली लग्नं जुळवणारी," मावशी म्हणायची. "सुख एवढंच, की माझ्याकडची स्थळं नाक मुरडत नाहीत."

आणि एवढं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेल्या कळपात आता पाडसं उभीच राहत नव्हती. कुणाचा जबडा वाकडा, कुणाचे मागचे पाय लुळे. काही तर धडधाकट दिसायची आणि तिसऱ्या दिवशी आईच्या पुढ्यात निजलेली ती निजलेलीच. कळपात एकतीस जनावरं उरली होती. असे आणखी तीन मोसम गेले असते, तर वहीचं काम संपलं असतं.

तपासायला प्रयोगशाळेतून एक डॉक्टरीण आली. तिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिल्या दिवशी मावशीला ती अजिबात आवडली नाही. दुसऱ्या दिवशी एक पाडसू डॉक्टरणीच्या मांडीवर गेलं. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, पाय बधिर झाले तरी उठली नाही. मावशीने तिला चहा नेऊन दिला आणि तेव्हापासून दोघींचं जमलं.

"मावशी, सगळ्यांचं रक्त घेणार मी," डॉक्टरीण म्हणाली. "एकूण एक."

"घरकोंबड्याचंही?"

"तो कोण?"

"आमच्या मागे असतो तो. चल, दाखवते."

मावशीच्या दोन खोल्यांच्या मागे, भिंतीला लागून, तारेचं एक लांबोडकं कुंपण होतं. बारा पावलं लांब, पाच पावलं रुंद. त्यात एक म्हातारा नर एकटाच राहायचा. सोळा वर्षांचा. डोंगरी हरणाच्या हिशोबाने म्हणजे पिकलं पान. त्याचा बाप कळपातला मुख्य नर, आई कळपातलीच, तेव्हाच्या निम्म्या माद्या त्याच्या बहिणी. म्हणून त्याला कळपात सोडायचं नाही, आणि पुढेमागे लागला तर असावा म्हणून मारायचंही नाही, असं वहीने ठरवलं होतं. उभा जन्म बाहेर पडला नाही, म्हणून नाव पडलं घरकोंबडा. मावशी त्याला रोज सकाळी एका पांढऱ्या एनॅमलच्या तसराळ्यात भुसा आणि पाला घालायची. तसराळ्याला निळी कड होती, एका जागी टवका उडाला होता. ती आली की तो कुंपणापाशी यायचा आणि तिच्या बाहीचा वास घ्यायचा. मनुष्यजातीतली ती एकच त्याला चालायची.

"बारा नंबर," त्याच्या कानातला प्लास्टिकचा बिल्ला बघून डॉक्टरणीने लिहून घेतलं. "आणि ह्या कळपात बाहेरचं रक्त कधी आलं?"

"आलं की. जावई आला होता."

जावई म्हणजे एकवीस नंबर. पंधरा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या केंद्रातून पेटाऱ्यात घालून आणलेला वर्षाचा नर. दोन्ही कळपांत अधूनमधून नरांची देवाणघेवाण करायची असं ठरलं होतं, पण ती एकदाच झाली, कारण पुढे तीन वर्षांनी पलीकडे रोग आला आणि महिनाभरात नऊच्या नऊ घराणी आटोपली. म्हणजे त्या कळपाचं जगात जे काही उरलं, ते जावयाच्या अंगात. त्याचे लाड काय विचारता! कोवळा पाला आधी त्याला, मोठं आवार त्याला, सगळ्या माद्या त्याला. गेल्या वर्षी तो म्हातारा होऊन मेला. आता उरलेल्या एकतीस जनावरांपैकी सत्तावीस त्याची मुलं नाहीतर नातवंडं होती.

"मग हे असं व्हायला नको होतं," डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बाहेरचं रक्त इतकं मिसळलंय तर पोरं दणकट व्हायला हवीत."

रक्ताच्या नळ्या गेल्या. महिन्याने डॉक्टरीण परत आली ती थेट मावशीच्या स्वयंपाकघरात. टेबलावर कागद पसरले आणि चहाला नको म्हणाली.

"मावशी, पत्त्यांचा जोड घ्या. त्यातले निम्मे पत्ते हरवले असं धरा. उरलेले कितीही पिसा, हातात परत परत तेच येणार ना? तुमच्या कळपाचं तसं झालंय. सात जनावरांचे जे पत्ते होते, तेच फिरताहेत. जावयाच्या पोरांमध्ये परका पत्ता एकही नाही."

"असं कसं? तो पलीकडचा होता!"

"नव्हता. तो इथलाच होता. बहिणींमध्ये सोडला, मग पोरींमध्ये, मग नातींमध्ये. पंधरा वर्षं घरातल्या घरात." तिने दुसरा कागद पुढे केला. "आणि हा बघा. ह्याचं रक्त कळपात कुणाशीच जुळत नाही. एकटा वेगळा. हा पलीकडचा."

कागदावर वर लिहिलं होतं: बारा.

मावशीने मागच्या दाराकडे बघितलं. दाराबाहेर घरकोंबडा तसराळ्यात तोंड घालून उभा होता आणि भुसा खाली सांडत होता, नेहमीसारखाच.

साहेबांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कागद नीट लागला की प्रश्न सुटला अशी त्याची समजूत होती. प्लास्टिकचे बिल्ले यायच्या आधी हरणांचे नंबर कानांवर कापत असत. डाव्या कानावरचे काप दहाचे, उजव्यावरचे एकाचे. घरच्या पाडसाला बारा, म्हणजे डाव्याला एक आणि उजव्याला दोन. पाहुण्याला एकवीस, म्हणजे डाव्याला दोन आणि उजव्याला एक. काप घातले की प्रत्येकाचं एक कार्ड भरायचं. कार्डावर हरणाचं तोंड छापलेलं, समोरून बघणारं. त्याच्या कानांवर तसेच काप पेन्सिलीने काढायचे.

साहेबाने दोन्ही कार्डं काढली आणि घरकोंबड्यासमोर जाऊन उभा राहिला. कार्डावर बारा नंबरच्या तोंडाला कागदाच्या डाव्या बाजूला एक काप, उजव्या बाजूला दोन. समोर उभ्या असलेल्या जनावरालाही डावीकडे एक, उजवीकडे दोन.

"कार्ड बरोबर आहे," साहेब म्हणाला. "म्हणजे कापतानाच चुकलं. मुकादमांनी ह्याचं त्याला केलं."

मुकादम म्हणजे मावशीचा नवरा. तेरा वर्षांपूर्वी वारलेला. जनावरं राखणाऱ्यांचा मुकादम होता, आणि हरणांना तो नंबराने नाही, चेहऱ्याने ओळखायचा. "ही आत्याबाईच्या वळणावर गेलीय," असं काहीतरी म्हणायचा, आणि वहीत बघावं तर खरंच ती कुणाची तरी भाची निघायची. मावशीला मात्र चेहरे कधी कळले नाहीत. तिला आकडे कळायचे. दोघांचा संसार त्यावरच चालला होता. त्याने ओळखायचं आणि तिने लिहायचं.

"ह्यांच्या हातून? काप?" मावशी म्हणाली. "साहेब, ते झोपेतही चुकले नसते."

"माणूस आहे, चुकतो. आणि मावशी, त्याच महिन्यात त्यांना झटका आला ना? तेव्हाच काहीतरी बिघडलं असेल. अहवालात तसंच लिहितो. त्यांना आता काय त्रास होणार?"

मावशी घरी आली आणि दुपारभर जुन्या कार्डांचा खोका घेऊन बसली. बायको म्हणून तिला राग आला होता, आणि वहीवाली म्हणून तिला माहीत होतं की रागाने काही सिद्ध होत नाही. मुकादमाने भरलेली कार्डं तिने एकेक करून टेबलावर मांडली. साठ-सत्तर होती. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण काप रेघ मारल्यासारखे सरळ. आणि प्रत्येक कार्डावर, छापील तोंडाच्या एका कानाजवळ, त्याने बारीक अक्षरात 'डा' लिहिलेलं. डावा कान. इतकी वर्षं ती कार्डं तिच्या हाताखालून गेली होती, पण ह्या 'डा'कडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं.

सगळीकडे तो 'डा' कागदाच्या उजव्या बाजूला होता.

तिने पहिल्यांदा चष्मा पुसला. मग आरशासमोर जाऊन उभी राहिली, स्वतःचा डावा कान धरला, आणि हे काही खरं नव्हे, आरसा उलटं दाखवतो, म्हणून परत आली. मग मागच्या दाराशी जाऊन घरकोंबड्याच्या तोंडासमोर उभी राहिली. तो तिच्याकडे बघत होता. त्याचा डावा कान तिच्या उजव्या हाताला होता. अर्थात तो तिथंच असणार. समोरच्याचा डावा आपल्या उजवीकडे असतो, हे लहान लेकरालाही कळतं. त्या कानावर दोन काप होते. डाव्याला दोन, उजव्याला एक. एकवीस.

मुकादमाने काप बरोबर घातले होते. कार्ड चुकलं होतं, आणि ती दोन कार्डं मावशीने भरली होती.

तो दिवस तिला आता स्वच्छ आठवला. एरवी कार्डंही मुकादमच भरायचा. त्या दिवशी मात्र तो म्हणाला होता, "अगं, आज तू लिही. हाताला मुंग्या आल्यात. चिमटा दाबता येतोय, पण पेन्सिल निसटतेय." ती एका पालथ्या पेटाऱ्यावर बसली होती. तो हरणाला मागून गुडघ्यांत धरून उभा होता, आणि मागून धरणाऱ्याचा डावा तोच हरणाचा डावा. त्याने मोठ्याने सांगितलं, "हा घरचा. डाव्याला एक, उजव्याला दोन. काढलंस?" "काढलं." "हा जावई. डाव्याला दोन, उजव्याला एक." "काढलं हो, एकदा सांगितलेलं कळतं मला!" आणि तिने कार्डाच्या डाव्या बाजूला डावे आणि उजव्या बाजूला उजवे काप काढले. ऐटीत. तारीखही घातली.

दहाव्या दिवशी मुकादमाला झटका आला. तो रुग्णालयात असताना तेव्हाच्या साहेबाने दोन नर वेगळे केले. मावशी कार्डं हातात धरून शेजारी उभी होती. साहेब कार्ड बघायचा, समोरच्या तोंडाकडे बघायचा. एक मोठ्या आवारात गेला, एक मावशीच्या घरामागे. पुढच्या वर्षी प्लास्टिकचे बिल्ले आले, तेही कार्डं बघूनच टोचले, आणि मग कानांकडे बघायचं कुणाला कारणच उरलं नाही. ह्या कानाची त्या कानाला खबर नाही असं आपण म्हणतो, ते ह्या हरणांच्या बाबतीत शब्दशः झालं.

इथवर मावशी धीराने बसली होती. चूक होती, मोठी होती, पण चूकच होती. मग तिची नजर दाराबाहेरच्या तसराळ्यावर गेली.

मुकादम दोन महिन्यांनी घरी आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. त्याला मागच्या खोलीत, खिडकीशी पलंग टाकून निजवलं. आवार दिसेल, जनावर दिसेल, बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी तो खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि त्याच्या घशातून आवाज निघाला. "उल... उल..." डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, औषधांनी मळमळेल, उलट्या होतील. ती धावत जाऊन पांढरं तसराळं घेऊन आली. नवं कोरं होतं, निळ्या कडेचं. त्याच्या हनुवटीखाली धरलं, पाठीवरून हात फिरवला. "होऊ दे, होऊ दे."

उलटी झाली नाही.

रोज हेच. सकाळी पडदा सारला की तो खिडकीकडे डावा हात करायचा आणि म्हणायचा, "उलट. उलट." ती तसराळं धरायची. कधी तिला वाटायचं, कूस बदलायची असेल, उलटं वळवायला सांगत असतील. मग ती त्याला महत्प्रयासाने भिंतीकडे तोंड करून निजवायची. तो परत मान वळवायचा. एकदा त्याने चांगल्या हाताने तसराळं इतक्या जोरात ढकललं, की ते फरशीवर आपटून त्याचा टवका उडाला, आणि मग तो हुंदके देऊन रडला. तिला वाटलं, परावलंबी झाले म्हणून रडतात. ती त्याची समजूत घालायची, "मी आहे ना. मला कसला आलाय त्रास?" पुढे तिने ठरवलं की मागच्या हरणाच्या वासानेच त्यांना मळमळतंय. तिने ती खिडकी बंद केली आणि वरून कडी घातली. त्यानंतर तो फार दिवस काही बोलला नाही. मग गेला.

चौदा महिन्यांत त्या तसराळ्यात एकदाही उलटी पडली नव्हती. एकदाही. ते तसंच स्वच्छ राहिलं होतं, म्हणून तर नंतर हरणाला ठेवलं. पंचवीस वर्षं ज्या बाईने पाडसाचं वजन चुकवलं नाही, जन्माची वेळ चुकवली नाही, तिला एवढी साधी नोंद करता आली नव्हती. नवऱ्याला एकच शब्द उरला होता, आणि त्या एका शब्दात त्याने तिला सगळं सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं. त्या वेळी कुणी ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. दोन दारं उघडून दोन हरणं अदलाबदल करायची, अर्ध्या तासाचं काम.

मावशी टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. वहीत लिहिता येईल असं ते रडणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबाच्या खोलीत गेली. डॉक्टरीण तिथंच होती. मावशीने मुकादमाची साठ कार्डं आणि आपली दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली, 'डा' दाखवला आणि दोन वाक्यांत सांगितलं.

साहेबाने कार्डं बघितली आणि गठ्ठा करून परत तिच्याकडे सरकवली. "मावशी, आता कशाला? दोन वर्षांत तुम्ही घरी बसाल. नावाला बट्टा लावून काय मिळणार? मुकादमांच्या नावावर राहू दे. ते काही ऐकायला येत नाहीत."

"ते बोलत होते तेव्हा मी ऐकलं नाही," मावशी म्हणाली. "आता निदान तुम्ही लिहा. चूक वहीवालीची. मुकादमाचे काप बरोबर होते. आणि त्याला चूक कळली होती, तो सांगत होता, हेसुद्धा लिहा."

"हे अहवालात कसं लिहिणार?"

"जसं झालं तसं."

साहेबाने पेन उचललं. डॉक्टरीण मावशीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिने खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, एक सांगू? म्हातारा अजून जिवंत आहे."

ते खरंच होतं. माद्या माजावर यायचे दिवस पंधरवड्यावर आले होते. सोळा वर्षांच्या नराकडून फार आशा धरता येत नाही, डॉक्टरीण म्हणाली, पण अगदीच नाही असंही नाही. एक पाडसू झालं तरी पुरे. एका पाडसातून परका पत्ता कळपात येतो, त्याची चार होतात, चारांची दहा. मावशीने पंधरा दिवस घरकोंबड्याची नुसती बडदास्त ठेवली. कोवळा पाला, मीठ, गूळपाणी. "जावई आहात तुम्ही," ती त्याला म्हणाली. "उशीर झाला, पण आहात." त्याने तिच्या बाहीचा वास घेतला.

ठरल्या सकाळी कुंपणाची तार कापून मोठ्या आवारापर्यंत वाट केली. पलीकडे आठ माद्या उभ्या होत्या. सगळे आडोशाला थांबले, साहेबसुद्धा. म्हातारा वाटेच्या तोंडाशी कितीतरी वेळ हुंगत राहिला. मग बाहेर पडला. गवतात पाय टाकला. एका तरुण मादीने कान टवकारले आणि दोन पावलं पुढे आली. मावशीने डॉक्टरणीचा हात घट्ट धरला होता. तो चालत राहिला, सावकाश, मान खाली. मावशी सवयीने पावलं मोजत होती. बारा झाली. बाराव्या पावलाला तो थांबला, तिथं तारबीर काही नसताना वळला, आणि परत फिरला. बारा पावलं इकडे. मग पुन्हा बारा पावलं तिकडे. मादी बघत राहिली आणि थोड्या वेळाने चरायला लागली.

आठ दिवस वाट उघडी ठेवली. मादी जवळ आली की तो अंग चोरायचा, आणि ऊन चढलं की आपणहून मागे येऊन भिंतीशी उभा राहायचा. नवव्या दिवशी डॉक्टरणीने त्याला भूल देऊन वीर्य काढलं आणि मावशीच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून बघायला बसली. फार वेळ बघत होती. एक काच काढून दुसरी लावली, मग तिसरी.

"काही हलतंय का गं?" मावशीने विचारलं.

डॉक्टरणीने डोळा तसाच भिंगाला लावून ठेवला. "नाही, मावशी. पाच-सहा वर्षांपूर्वी आले असते तर..." सामान तिने एकटीनेच आवरलं, जाताना मावशीला मिठी मारली आणि पुढच्या मोसमात येईन म्हणाली. पुढच्या मोसमात येऊन काय बघायचं, ते दोघींनाही माहीत होतं.

दुपारी मावशीने वही काढली. बारा नंबरसमोर 'घरचा' होतं ते खोडून 'नदीपलीकडचा' लिहिलं. एकवीस नंबरसमोर उलट केलं. मग सत्तावीस मुलानातवंडांच्या बापाचं, आजोबाचं घराणं एकेक करून बदललं. दोन्ही कार्डांवर योग्य त्या कानाजवळ बारीक 'डा' काढला. तारीख घातली. मग उठून मागच्या खोलीत गेली.

खिडकीची कडी गंजली होती आणि लाकूड फुगलं होतं. हातोडीने ठोकून ठोकून ती उघडली. पलंग अजून तिथंच होता, वर जुने स्वेटर आणि खोके रचलेले. मावशीने ते खाली काढले आणि आडवी झाली, मुकादम निजायचा तशी, डाव्या कुशीवर, डोकं उशीवर टेकून.

उशीवरून आवार दिसत नव्हतं. आभाळही दिसत नव्हतं. चौकटीत फक्त कुंपणाचा एक तुकडा होता आणि आवाज ऐकून तिथं येऊन उभा राहिलेला म्हातारा, तिच्याकडे तोंड करून. डाव्या कानावर दोन काप, उजव्यावर एक. त्या उशीवरून बघायला दुसरं काही नव्हतंच.

"उलट," मावशी म्हणाली. "हो. कळलं मला. उलट."